पाचव्या ठिपक्यावरची शाळा

आमच्या घरात दोन गोष्टींना नावं ठेवायची कुणाची छाती नाही. एक, शरच्चंद्ररावांची हुशारी आणि दुसरी, त्यांच्या भाच्यानं काढलेला नकाशा.

शरच्चंद्रराव म्हणजे माझे यजमान. बेळगावात एका वकिलाकडे तीस वर्षं कारकुनी करून घरी बसले. कुणी सहीचा कागद आणला की चष्मा लावून आधी तळाची बारीक अक्षरं वाचणार आणि मगच "आता कर" म्हणणार. अख्खी गल्ली त्यांना विचारून सह्या करते.

भाचा केयूर पुण्यात डिझाइन शिकतो. त्यानं आमच्या भागातल्या बसगाड्यांचा नकाशा काढला, अगदी मेट्रोचा असतो तसा. निपाणीची लाल रेषा, खानापूरची हिरवी, कडोलीची निळी. सगळे रस्ते पट्टीनं आखलेले आणि सगळे स्टॉप सारख्या अंतरावरचे ठिपके. ना चढ, ना ओढा, ना वळण. आमच्या रस्त्यांवर जे काही आहे ते सगळं त्यानं गाळून टाकलं होतं, त्यामुळे नकाशा फारच देखणा झाला. यजमानांनी तो स्वतःच्या हातांनी फ्रेममध्ये बसवून हॉलमध्ये लावला. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना चहाच्या आधी नकाशा मिळतो.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत आणि डावा गुडघा माझ्या आधीच निवृत्त झालाय. सगळी नोकरी खानापूर तालुक्यात गेली, यंदा बदली आली. डॉक्टरांनी पायपीट बंद सांगितलेली. मला एवढंच हवं होतं की बसमधून उतरावं आणि समोर शाळा असावी. एकदा गाव निवडलं की निवृत्तीपर्यंत तेच.

बदलीच्या दिवशी माझा नंबर येईतो यादीत दोनच शाळा उरल्या होत्या. एक कडोलीच्या पुढची, दुसरी निपाणी रस्त्याची शिरसोंडी. दोन्ही गावं मी पाहिलेली नव्हती. टेबलामागचे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "बेग हेळ्री, टीचर." लवकर सांगा. मी घरी फोन लावून यजमानांना दोन्ही नावं सांगितली.

"थांबा, मी मोबाइलवर रस्ता बघते," मी म्हणाले.

"मोबाइल कशाला? भिंतीवर हाय की," यजमान म्हणाले. "हां. कडोलीकडची नववा ठिपका. लई लांब. शिरसोंडी लाल रेषेवर पाचवा. एकदम सरळ. डोळे झाकून घे."

मी डोळे झाकून घेतली.

पहिल्या दिवशी कळलं की चौथ्या आणि पाचव्या ठिपक्याच्या मधे एक अख्खा घाट आहे. कंडक्टरनं मला हायवेवर उतरवलं. तिथं एक लिंबाचं झाड होतं, पंक्चरचं दुकान होतं आणि शिरसोंडी लिहिलेली पाटी होती. शिरसोंडी तेवढी नव्हती.

माझ्याबरोबर एक म्हातारी उतरली होती, मालुबाई. डोक्यावर गाठोडं. तिला विचारलं, गाव कुठं?

"ह्यो फाटा, बाई. गाव आत. चार किलोमीटर."

"गावात बस येत नाही?"

"येती की. जत्रंला."

मग आम्ही चालू लागलो. सत्तरीची मालुबाई माझ्या गुडघ्यासाठी दोनदा थांबली. "घरच्यांनी सांगितलं न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

"सांगितलं. नकाशा बघून सांगितलं."

"नकाशा काढणारा हितं आलता काय?"

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. यजमान नकाशासमोर उभे राहून म्हणाले, "पण ठिपका तर हितंच हाय." मी रडले. दुखलं म्हणून नाही, संतापानं रडले.

त्यांनी केयूरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी शिरसोंडीचं सगळं सांगितलं.

"मामी, खाली लिहिलंय की," केयूर म्हणाला. "अंतरं प्रमाणात नाहीत, काही स्टॉप फाट्यावर आहेत, गाव आत असू शकतं. सरांनी मुद्दाम लिहायला लावलं होतं."

खाली तसं काहीच नव्हतं. मी फ्रेम उतरवली आणि मागचा पुठ्ठा काढला. आत नकाशाचीच एक पट्टी घडी करून खोचलेली होती. तिच्यावर ती ओळ होती, मुंगीएवढ्या अक्षरांत.

यजमान पट्टीकडे न बघता म्हणाले, "फ्रेममध्ये बसंना. तळाला नुसती बारीक अक्षरं होती, म्हणून कापली."

तीस वर्षं लोकांना तळाची बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस. मी पट्टी त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवली आणि पाय शेकायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी पिशवी उचलली आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढले. फाट्यावर उतरून ऐटीत पुढं निघाले. दीड किलोमीटरवर एका दगडावर टेकले आणि चप्पल काढून पाय चोळू लागले.

"राजेश्वरी," ते म्हणाले, "अजून किती गं?"

"नकाशावर आपण मघाशीच पोचलो," मी म्हणाले.

त्यांनी चप्पल घातली, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. अजून अडीच किलोमीटर होते.