उजव्या खिशाचे शर्ट

आमच्या घरात जुने फोटो पाहायचे तर आधी हात धुवायचे, हा बाबांचा नियम. त्या शनिवारी मी त्यांच्या कपाटातला पत्र्याचा डबा हात न धुताच उघडला. चर्चमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं, फादरांनी दोनदा आठवण करून दिली होती, आणि दुकानात शिलाईचा ढीग पडला होता. बाबा ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन चर्चमागच्या दफनभूमीत गेले होते, आजोबांची कबर धुवायला. हा माणूस घरात स्वतःची बशी उचलत नाही, पण तिथे दर शनिवारी न चुकता जातो.

प्रदर्शनाबरोबर एक नवी पाटीही लागणार होती. सत्तर वर्षांपूर्वी साबणाच्या कारखान्यात बॉयलर फुटून तिघं गेले. जुन्या पाटीवर नावं मात्र दोघांचीच. तिसरे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बॉयलर त्यांचाच होता, जादा वाफ सोडणारी झडप त्यांनीच तारेनं बांधून ठेवली होती, असं चौकशीत ठरलं आणि त्यांचं नाव गाळलं गेलं. आताचे फादर मनानं मोठे, तिन्ही नावं कोरू म्हणाले. अडलं ते आत्यापाशी. आत्या या धाकट्या आजोबांची एकुलती मुलगी, बाबांची चुलत बहीण. तिची सही हवी होती, आणि तिनं कागद तसाच परत पाठवला.

"ज्या दोघांना मारलं त्यांच्या शेजारी नाव कोरायचं?" ती मला म्हणाली होती. "झालं तेवढं पुरे नाही का?"

बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे. तिनं आयुष्यात बापाच्या कबरीवर एक फूल ठेवलं नाही. तिची सही आली नाही, तर सोमवारी दोनच नावं कोरली जाणार होती.

डब्यातला पहिला फोटो आजोबांच्या गावचा. दोघं भाऊ घराच्या पायरीवर बसलेले, एकाच ताग्यातल्या कापडाचे शर्ट. दुसरा चर्चच्या दारातला, बाबांच्या बाप्तिस्म्याचा. आजोबांच्या हातात बाबा, तोंड फाडून रडताहेत. बॉयलर फुटला तो याच सकाळी. आजोबा रजा घेऊन चर्चमध्ये आले होते आणि दोन्ही बॉयलर धाकटे आजोबा एकटे सांभाळत होते. 'बाप्तिस्म्यानं वाचवलं' असं घरात शंभरदा ऐकलंय मी.

तिसरा फोटो कारखान्याचा. बॉयलरची खोली, दारातून काढलेली. दोन्ही बॉयलर हुबेहूब सारखे. डाव्याला टेकून धाकटे आजोबा, उजव्याशी आजोबा, मध्ये पाटीवरचे ते दोघं. फुटला तो डावा. चौकशीला आलेल्या साहेबांनी हाच फोटो पाहून निकाल दिला, ज्याचा बॉयलर त्याचा दोष. बोलायला फोटोतल्या चौघांपैकी एकटे आजोबाच उरले होते.

मी फोटो बाजूला ठेवला आणि पुन्हा उचलला. काहीतरी खुपत होतं. तीस वर्षं मी शर्ट शिवतेय, चुकलेली शिलाई मला दुरून दिसते. चौघांच्याही शर्टांची उजवी पट्टी वर होती आणि खिसा उजव्या छातीवर. आता चार बाप्ये बायकांचे शर्ट घालून कामावर येतील का? पुरुषाच्या शर्टाची डावी पट्टी वर येते आणि खिसा डावीकडे असतो. गावच्या फोटोत तसंच होतं. चर्चच्या फोटोतही आजोबांचा खिसा डावीकडेच.

शर्ट चुकले नव्हते, फोटो उलटा छापला होता. जुन्या काळी फोटो काचेवर निघायचा. काच पालथी पडली की सगळं आरशातल्यासारखं येतं. म्हणजे डाव्या बॉयलरशी आजोबा होते. फुटलेला बॉयलर त्यांचा, झडपेची तारही त्यांचीच. धाकटे आजोबा भावाचा बॉयलर सांभाळता सांभाळता मेले.

बाबा परत आले तेव्हा मी तिथेच बसले होते. त्यांनी आधी डबा पाहिला, मग माझ्या हातातला फोटो.

"हात धुतलेस का?"

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

ते खुर्चीत बसले. ओला ब्रश मांडीवरच राहिला. "शेवटच्या दुखण्यात सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, मी खोटा एक शब्द बोललो नाही, फक्त फोटो उलटा आहे हे सांगितलं नाही."

"आणि तुम्ही तीच री ओढलीत!"

"ताईनंच नको म्हटलंय ना नाव? मग आता कशाला उकरतेस? बापाला मातीत ठेवल्यावर त्याच्या तोंडाला काळं फासू का मी?"

"मग तिच्या बापाच्या तोंडाला फासलेलं चाललं तुम्हाला!"

बापाशी मी असं कधीच बोलले नव्हते. पण थांबले नाही. तिन्ही फोटो पिशवीत घातले आणि आत्याकडे गेले.

आत्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मी खिसे दाखवले, पट्ट्या दाखवल्या. तिनं चष्मा पुसून तिन्ही फोटो पुन्हापुन्हा पाहिले. मग बापाच्या शर्टावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते उचललंच नाही.

"तुझ्या बाबाला ठाऊक होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"हो," मी म्हणाले.

तिनं सही केली. नाव नीट, एकेक अक्षर सुटं काढून. मग चपला शोधू लागली. "माझ्या बाबांची कबर कुठली तेही मला माहीत नाही गं. बोलाव तुझ्या बाबाला. त्यालाच दाखवू दे."

फोन केला तेव्हा वाटलं, बाबा येणार नाहीत. पण ते दफनभूमीच्या फाटकाशी उभे होते, मान खाली. आम्हाला पाहून पुढे चालू लागले. आजोबांची कबर आली. ते थांबले नाहीत. मी पाहिलं, दगडावर शेवाळ चढलं होतं, अक्षरंसुद्धा धड वाचता येत नव्हती. बाबा भिंतीलगतच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तिथला एक दगड स्वच्छ घासलेला होता, सकाळचं पाणी खाचांत अजून होतं.

आत्यानं वाकून ओल्या नावावर हात ठेवला. मग वळून बाबांकडे पाहिलं.

"दर शनिवारी दगड धुतलास," ती म्हणाली. "मी दोन गल्ल्या पलीकडे राहत होते रे."