बस, एक और!

मी एक जुने स्टॉपवॉच आहे, चावीचे. मित्रांनो, काच तडकली म्हणून मला मोडीत काढू नका. जीभ अजून शाबूत आहे.

मला घडवणाऱ्याने एक अन्याय केला. धावायचे मी, पण सुरू व्हायचे आणि थांबायचे दुसऱ्याच्या अंगठ्याने! चंदीगडच्या मैदानावर तो अंगठा प्रशिक्षक गिलसरांचा होता. हवाई दलातले सुबोध बदलून इथे आले आणि त्यांच्या पत्नी यामिनीताई सरांकडे दहा हजार मीटरचा सराव करू लागल्या. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या! पदके आली की सगळे आधी मला बघत. मी फुशारून जाई.

मग ताईंची टाच बिघडली. धावणे सोडा, नाहीतर चालणेही अवघड होईल, असे डॉक्टरांनी बजावले. पण त्यांच्या सरावासाठी सुबोधनी नागपूरची बदली नाकारली होती. आता कुठल्या तोंडाने थांबायचे? इकडे आड, तिकडे विहीर. ताई दमल्या की सर ओरडत, "बस, एक और!" मैदानाच्या पायऱ्यांवरून सुबोधही तेच ओरडत. एकदा मला हातात घेऊन ताई पुटपुटल्या, "तू तरी बंद पड ना!" मला फार वाईट वाटले. ते माझ्या हातात कुठे होते?

त्यांची लेक रेवा आठ वर्षांची. तिला मराठी समजे, पण उत्तर हिंदीत. ताई सारख्या म्हणत, "मराठीत बोल गं."

एका सकाळी सरांनी मला रेवाकडे दिले. एकोणिसाव्या फेरीला ताई लंगडू लागल्या. रेवाने पायरीवरची पाण्याची बाटली बाजूला सारली, जागा थोपटली आणि हाक मारली, "आई, बस!"

ती मराठीत बोलली होती. पायरीवर बस, एवढेच तिचे म्हणणे. ताईंच्या कानांना मात्र रोजचे हिंदी 'बस' ऐकू आले. त्या थबकल्या. पुढच्या 'एक और'ची वाट पाहत राहिल्या. ते आलेच नाही.

ताई पायरीवर बसल्या आणि हमसून रडल्या. सुबोध धावत आले. "पुढच्या शर्यतीला माझं नाव देऊ नका," ताई म्हणाल्या.  सुबोध खाली बसून ताईंच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दमले असेल, तर त्याला नुसते 'बस' म्हणा. पुढे काही जोडू नका.

आणि हो, त्या गडबडीत मला थांबवायला सगळेच विसरले. चावी संपेपर्यंत मी रेवाच्या खिशात एकटेच धावत होते.