मावशींचं आडनाव

मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद सिस्टरपुढे सरकवला. "हा परिच्छेद कुणाचा?"

सिस्टर कागदावर वाकली. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर रुग्णालयाने तिला पुढच्या पदवीसाठी पाठवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या पाठीवरच्या जखमा हा तिच्या शोधनिबंधाचा विषय. बाकी सगळीकडे लेखकाचं आडनाव, साल, पान नीट दिलेलं. या सहा ओळींपुढे मात्र काहीच नव्हतं. कूस बदलताना माणूस जिथे श्वास धरतो तिथे आधी बघावं, कातडी लाल व्हायची वाट पाहू नये, असं त्यात होतं.

"माझाच असेल," ती म्हणाली.

"ही भाषा तुमची नाही."

सोमवारी समितीपुढे जायचं होतं. गेल्या वर्षी अशाच चार ओळींपायी एकाची पदवी गेली, हेही बाईंनी सांगून ठेवलं.

सिस्टरने दोन दिवस ग्रंथालय पालथं घातलं. त्या ओळी कुठेच सापडेनात. चोर म्हणून नाव निघालं तर वॉर्डात तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात. घरी मुलीने मागून हाक मारली तरी ती दचकायची. इंजेक्शन भरायचं कामही तिने दुसऱ्या सिस्टरकडे सोपवलं. शेवटी माळ्यावर नर्सिंग शिकत असतानाची वही मिळाली. त्याच सहा ओळी, आणि समासात एक शब्द : मावशी.

वॉर्डातल्या आया त्या. लादी पुसायच्या, बेडपॅन द्यायच्या. निवृत्त होऊनही बारा वर्षं झालेली. वही पाहून बाई म्हणाल्या, पुस्तक नसलं तरी चालतं. संभाषण म्हणून नोंद करा, पूर्ण नाव आणि तारीख घाला, आधी त्यांना विचारा. पूर्ण नाव सिस्टरला ठाऊकच नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

पत्ता काढून ती गेली. मावशींनी हसत दार उघडलं, पण कागदावर नाव लिहायचंय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी तक्रार केली का?"

"नाही हो मावशी."

"मी हात लावत नव्हते कुणाला. आम्हाला परवानगीच नव्हती. पुसता पुसता नुसतं बघायचे."

इतके दिवस आपल्याला छळणारी तीच भीती सिस्टरला त्यांच्या डोळ्यांत दिसली. ती शेजारी टेकली. "चूक माझी आहे. तुमचं बोलणं मी माझं म्हणून लिहिलं."

मावशींनी हळू आवाजात नाव सांगितलं. पुस्तकांच्या लेखकांचं लिहितात तसं सिस्टरने आडनाव आधी लिहिलं.

सोमवारी समितीतल्या एका सरांचं बोट संदर्भसूचीत त्याच नावावर थांबलं. "या कोण?"

"आमच्या वॉर्डातल्या आया."

"किती वर्षं होत्या?"

"एकतीस."

सरांनी मान हलवली आणि पान उलटलं.

निबंध छापून आला तशी ती प्रत घेऊन मावशींकडे गेली. मावशींना वाचता येत नव्हतं; त्यांच्या सुनेने नावावर बोट ठेवून दाखवलं. वर-खाली कोण आहेत, मावशींनी विचारलं. डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, सिस्टर म्हणाली.

"मग माझं काढा. ते लोक रागावतील."

"आता नाही काढता येत. छापलंय."

मावशींनी हात कोरडे पुसले आणि जिथे अक्षरं नव्हती, तेवढ्या कडांना धरून कागद उचलला.