शेवटचं बटण

काकूंनी शर्टाची पाच बटणं लावली आणि सहावं मोकळं सोडलं.

"हे तुम्ही लावा," त्या काकांच्या कानाशी पुटपुटल्या. "सिस्टर दारात दिसली की सुरू करा. आधी नाही हं."

काका दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात कोसळले, तेव्हापासून त्यांची उजवी बाजू लुळी होती. बोलायचं तर एकेक शब्द धक्का मारून बाहेर काढावा लागे. पायांचा आवाज आला तशी त्यांनी डाव्या हाताने बटण चाचपलं आणि कसंबसं काजात घातलं.

"अरे वा! आज स्वतः कपडे घातले का?" सिस्टर म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या खाटेकडे वळली.

काकूंनी रोखलेला श्वास सोडला. आजचा दिवस तरी पार पडला.

हे सगळं त्या तक्त्यामुळे होतं. पुनर्वसन केंद्रात काकांना आणलं त्याच दिवशी थेरपिस्ट मुलीने तो काकूंना समजावून सांगितला होता. जेवणं, अंघोळ, कपडे, खाटेवरून खुर्चीत जाणं, जिना, बोलणं, आठवण, अशी अठरा कामं. प्रत्येकाला एक ते सात गुण. सगळं दुसऱ्याने केलं तर एक, स्वतःचं स्वतः बिनघोर केलं तर सात. "आणि काकू, नुसतं जवळ उभं राहिलं तर पाच. पण हात लागला की चार, नाहीतर त्याच्याही खाली. पेशंट काय करू शकेल हे आम्ही लिहीत नाही, रोज काय करतो ते लिहितो." पहिल्या दिवशी काकांची बेरीज झाली एक्कावन्न.

तेव्हा काकूंना त्यात भिण्यासारखं काही वाटलं नव्हतं. भीती बसली ती पुढच्या आठवड्यात. शेजारच्या खाटेवर एक ट्रकवाला होता, मोठा गप्पिष्ट माणूस. त्याचा आकडा तीन आठवडे जागचा हलला नाही. एका दुपारी काकू चहा घेऊन परत आल्या तर त्याची गादी गुंडाळलेली आणि बायको पिशव्या भरत असलेली. "सुधारणा नाही म्हणतात," ती म्हणाली. "रांगेत दुसरे आहेत."

 काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा परदेशी. आणि त्या स्वतः एकाहत्तर वर्षांच्या, वजन जेमतेम चव्वेचाळीस किलो. डोळे मिटले की त्यांना न्हाणीघराचा उंबरा दिसे आणि त्यावर आडवे पडलेले काका. पुन्हा तसंच. या वेळी आपण एकट्याच.

म्हणून त्या सकाळी वॉर्डचं दार उघडायच्या आत येऊन उभ्या राहू लागल्या. सिस्टर यायच्या आधी बटणं लावायची, दाढी उरकायची, पायमोजे चढवायचे. खुर्चीत बसताना त्या "नुसत्या" शेजारी उभ्या असत. पदराआड कंबर काकांच्या कमरेखाली रेटलेली असे, ते कुणाला दिसत नसे.

शुक्रवारी थेरपिस्टने दोघांना खोलीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला ती, समोर चाकाच्या खुर्चीत काका, बाजूला काकू. 

"काकू, पेढे द्या!" मुलगी हसत म्हणाली. "सिस्टरच्या नोंदी जोडल्या, ब्याण्णव झाले. इतकं केलं म्हणजे आता इथे ठेवायची गरज नाही. सोमवारी घरी."

काकूंना आधी ऐकू आलं, मग कळलं. 

"घरी?"

"मग? इथेच संसार थाटायचा होता का?"

काकूंनी हसायचा प्रयत्न केला. आकडा वाढला तर खाट राहील, एवढंच त्यांनी धरलं होतं. तो इतका वाढला की खाट जाईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता खरं सांगावं तर आकडा घसरणार, आणि घसरला की ट्रकवाल्याची गत. न सांगावं तर सोमवारी तीन जिने. दोन्हीकडून उंबरा तोच. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. 

तेवढ्यात काकांनी डावा हात टेबलावर आपटला.

"खो... खोटं."

"काय झालं काका?"

काकांचं बोट मुलीपुढच्या कागदावर टेकलं. कागद त्यांच्या बाजूने उलटा होता. "पाच," ते म्हणाले. बोट खाली सरकलं. "पाच. पाच. सहा." मग ते बोट काकूंकडे वळलं. "हिचे."

मुलगी कागदाकडे बघत राहिली. "तुम्ही उलटं वाचलंत?"

काकूंना एकदम रडू फुटलं. चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होता हा माणूस. अक्षरांचे शिशाचे खिळे उलटे जुळवायचे आणि उलटेच वाचायचे, ही त्याची रोजीरोटी. लग्न नवं होतं तेव्हा त्या टेबलाशी बसून आईला पत्र लिहीत होत्या, सासूबाईंच्या तक्रारी भरभरून. समोर बसलेले हे एकदम हसत म्हणाले होते, "अगं, 'खाष्ट' लिहिताना ष पोटफोड्या." तेव्हापासून त्यांच्यासमोर काही लपवायची सोय नव्हती. चार आठवडे सिस्टरच्या हातातला कागद त्यांनी रोज वाचला असणार.

"मीच करते गं सगळं," काकू हुंदके देत म्हणाल्या. "बटणं, मोजे, सगळं. शेवटचं तेवढं ठेवते. पण त्यांना काढू नका."

मुलीचं हसू मावळलं होतं. ती उठली, दार लावलं. "काकू, सोमवारी हे घरी पडले असते. कळतंय का?"

"कळतंय."

"मग आता भिंतीशी बसा. हात मांडीखाली."

शाळेतल्या पोरीसारख्या काकू हात मांडीखाली घेऊन बसल्या. मुलीने नवा कागद घेतला आणि काकांना खोलीतल्या तपासणीच्या खाटेवर बसवलं. काका खाटेवरून उठताना एकदा कलले, तेव्हा काकूंच्या तोंडून किंकाळी निघाली. हात मात्र निघाला नाही. मुलीनेच त्यांना सावरलं. मोजे जमले नाहीत. जिन्याची तर गोष्टच नको. बेरीज झाली अठ्ठावन्न.

"म्हणजे... सात वाढले," मुलगी सावकाश म्हणाली. "थोडे आहेत, पण खरे आहेत. इतके दिवस तुम्ही त्यांना काही करूच दिलं नाहीत, हे मी डॉक्टरांना सांगते. आणखी दोन आठवडे मागून बघते. मिळतीलच असं नाही."

मिळाले. पण एका अटीवर.

सोमवारी सकाळी काकू खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या, हात मांडीखाली. काकांनी पहिलं बटण धरलं. ते निसटलं. पुन्हा धरलं. कपाळावर घाम आला, शर्ट खांद्यावरून घसरला, शरीर एका अंगाला झुकलं. 

"अहो, पडाल!"

"गप," काका म्हणाले. एका दमात, स्पष्ट.

बटणाला सात मिनिटं लागली. काकूंच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. अजून पाच बटणं बाकी होती.