कडुनिंबाभोवतीची फेरी

आमची फेरी शेहेचाळीस मिलिमीटरने चुकली होती.

लेव्हलिंगची फेरी म्हणजे तसं सोपं काम. कॉलेजच्या मागे नाल्याच्या मोरीवर एक खूण आहे, तिची उंची ठाऊक असते. तिथून निघायचं. यंत्र लावायचं, मागे धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, मग पुढे धरलेल्या पट्टीवरचा. असं करत करत मैदानाला वळसा घालायचा आणि पुन्हा त्याच मोरीवर यायचं. निघताना जी उंची होती तीच परत आल्यावर यायला हवी. आमच्या फेरीला वीस मिलिमीटरचा फरक माफ होता. मागच्या आठवड्यात एकावन्न आला, आज शेहेचाळीस.

"दीदी, मोरीच खचली असेल," अर्हम म्हणाला.

"दर आठवड्याला खचते आणि वर येते?" प्रियल म्हणाली.

मी हसले नाही. वर्गात मी सगळ्यांची दीदी. डिप्लोमा झाल्यावर लग्न झालं, मग रूही झाली, आणि चार वर्षांनी मी इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येऊन बसले. सरांनी सांगितलं होतं, आज दोनपर्यंत फेरी जुळली नाही तर टर्मवर्क नाही. टर्मवर्क नाही तर परीक्षा नाही. त्या दोघांचं वर्ष गेलं असतं, माझं सगळंच. यंदा अडकले तर कॉलेज सोडीन, असं मी घरी सांगून बसले होते. असा शब्द कुणी मागितला नव्हता. मीच आपणहून.

मैदानाच्या मध्ये कडुनिंब आहे. त्याच्या सावलीत सतरंजीवर माझ्या सासूबाई, अमिनाबी, रूहीला घेऊन बसल्या होत्या. रूही चौदा महिन्यांची, अजून अंगावर पिते. प्रॅक्टिकल असलं की अम्मी मेहरूणच्या घरून रिक्षाने तिला घेऊन येतात. रूही सात महिन्यांची असताना तापात तिला झटका आला होता. मी लायब्ररीत होते, फोन सायलेंटवर. अकरा मिस्ड कॉल. तेव्हापासून रूही डोळ्यांसमोर नसली की माझ्या हातातलं काम सुटतं.

यंत्राची पेटी परत न्यायला लॅबचे झुलालभाऊ आले. धुळ्याकडचे, निवृत्तीला आलेले. पेटीऐवजी त्यांनी माझी फील्ड बुक उचलली आणि फेरीचा कच्चा नकाशा बघत राहिले.

"सहा वेळा यंत्र मांडं, अन सहाही वेळा लिंबजवळ? लिंबले फेऱ्या मारतस का काय तुम्ही, ताई?"

अर्हम खो खो हसला. मी वही ओढून घेतली आणि पाहिलं. खरंच की. फेरी मैदानाभोवती जायला हवी होती, ती झाडाच्या बाजूला खेचल्यासारखी आत वाकली होती. प्रत्येक ठिकाणी मागची पट्टी ऐंशी-नव्वद पावलांवर आणि पुढची तीस-पस्तीसवर. कारण यंत्र मी मधोमध लावलंच नव्हतं. जिथून रूही दिसेल तिथे लावलं होतं.

"हाई यंत्र म्हातारं शे," झुलालभाऊ म्हणाले. "मन्हासारखं. नजर जराशी वर जास त्यानी. लांबचं पाहिलं तर जास्त चुकस, जवळचं पाहिलं तर कमी. मधोमध ठेवा, मंग दोन्हीकडे सारखंच चुकस. एकातून एक वजा करा, चूक बठ्ठी गायब."

हे पुस्तकात होतं. मी परीक्षेत लिहून त्याचे मार्कही घेतले होते.

प्रियल हळूच म्हणाली, "मी दोनदा म्हणाले होते दीदी, यंत्र टाकीमागे नेऊ या. तुम्ही म्हणालात, इथून दिसतंय की सगळं."

म्हणजे त्यांचं वर्षही मीच पणाला लावलं होतं. साडेबारा वाजत आले होते. नव्या फेरीत दोन वेळा यंत्र पाण्याच्या टाकीमागे लावावं लागणार होतं. तिथून कडुनिंब दिसत नाही. तिकडे सावली नाही, नुसत्या बाभळी, म्हणून अम्मींनाही नेता येत नव्हतं. आणि सरांनी कामं वाटून दिली होती: पट्टी अर्हमकडे, लिहिणं प्रियलकडे, वाचन माझं.

मी झाडाखाली गेले. रूही अम्मींच्या बांगड्या मोजल्यासारख्या एकेक वर सरकवत होती.

"अम्मी, मी टाकीमागे जातेय. अर्धा तास तरी दिसणार नाही."

"जा ना."

"तिचं अंग गरम वाटतंय का?"

"मे महिन्याच्या जळगावात गरम नाही तर काय थंड वाटेल? जा."

मी हलले नाही. अम्मींनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"बेटा, सकाळपासून बघते मी. एक आकडा वाचतेस, एकदा हिच्याकडे बघतेस. त्या दिवसाचं अजून मनात आहे ना तुझ्या?" त्यांनी रूहीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "त्या दिवशी मी होते. कुशीवर निजवलं, ओल्या पदराने अंग पुसलं, शेजारच्या पोराला रिक्षा आणायला पिटाळलं, दवाखाना गाठला. तू असतीस तर याच्याहून वेगळं काय केलं असतंस?"

त्या दिवसाचं माझ्या मनात एकच चित्र होतं: मी नसलेलं घर. त्या घरात अम्मी होत्या, त्यांचे हात होते, त्यांचीही भीती असेल, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. कधी विचारलंही नव्हतं.

"काहीच नाही, अम्मी," मी म्हणाले. "मला एवढंही सुचलं नसतं."

"मग जा. आणि फोन चालू ठेव, माझ्या जिवाला तेवढंच बरं."

टाकीमागे मी पावलं मोजली. मागच्या पट्टीपासून चाळीस, पुढच्या पट्टीपर्यंत चाळीस. तिपाई रोवली, पातळीचा बुडबुडा गोलात आणला, डोळा लावला. तेवढ्यात टाकीच्या पलीकडून रूहीचं रडणं आलं. मोठ्याने, गळा काढून.

पट्टी नजरेसमोर हलली. पट्टी हलली नव्हती, मीच हलले होते.

"दीदी?" प्रियल पेन धरून उभी.

मी डोळा पुन्हा लावला. "एक पॉइंट तीन आठ पाच."

रडणं चालूच होतं. अर्हम पट्टी घेऊन पुढे गेला, मी यंत्र फिरवलं, पुढच्या पट्टीवर नेलं. आणि रडणं एकदम थांबलं. थांबल्यावर जास्त भीती वाटली. खिशातला फोन वाजत नव्हता. मी त्या न वाजणाऱ्या फोनवर विसंबून भिंगातली आडवी रेघ पट्टीवर कुठे बसते ते पाहिलं.

"एक पॉइंट एक दोन शून्य."

मोरीवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता. अर्हमने बेरीज-वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि पट्टी हवेत उंचावून ओरडला, "सहा! दीदी, सहा मिलिमीटर!"

मी झाडाकडे निघाले. पळाले नाही, पण चाललेही म्हणता येणार नाही. रूही झुलालभाऊंच्या रिकाम्या पेटीत बसली होती आणि कडुनिंबाच्या काड्या एकेक करून बाहेर टाकत होती. भाऊ त्या पुन्हा आत टाकत होते.

"रडली ना?" मी विचारलं.

"रडनी. भलती रडनी," भाऊ म्हणाले. "मंग उगी राहनी."

रूहीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि पुन्हा काड्यांकडे वळली. मला थोडं लागलंच. अम्मींनी पाण्याची बाटली पुढे केली.

सरांकडे जाण्याआधी पक्का नकाशा काढायचा होता. जवळपासच्या ठळक खुणा त्यात दाखवाव्या लागतात. मी मोरी काढली, टाकी काढली, मग कडुनिंब. या वेळी ते फेरीच्या रेषेपासून बरंच बाजूला होतं.

"दीदी, झाडाखाली हे दोन ठिपके कसले?" प्रियलने विचारलं. "चिन्हांच्या यादीत अशी खूण नाहीये."

"असू दे," मी म्हणाले, आणि वही मिटली.