तिच्या नावावर

बाइंडरांनी मुलीला खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला, एक पाय मधल्या वाटेत ठेवून बसले. मुलीला वाटलं, बाबांनी लाड केले. लहानपणी ती खिडकीसाठी भांडायची. खरं कारण वेगळं होतं. बसचं दार तीन सीट पुढे होतं, आणि उठायची वेळ आलीच तर मध्ये कोणाचे गुडघे यायला नको होते. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, एक टॉवेल आणि घडी घातलेली काळी पँट. बाटली नुसती दिसायला होती. काल संध्याकाळपासून त्यांनी पोटात घोटभर चहाशिवाय काही जाऊ दिलं नव्हतं.

साडेतीन तासांचा रस्ता, मध्ये एकच थांबा, तोही दीड तासाने. सात महिन्यांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून मुलगी 'माझ्याकडे चला' म्हणून मागे लागली होती आणि बाइंडर बहाणे सांगत होते. आज खळ शिजवून ठेवलीय, उद्या एका शाळेची हजेरीपुस्तकं बांधून द्यायचीत, परवा आणखी काहीतरी. शेवटी ती स्वतःच येऊन धडकली आणि त्यांचं कपाट उघडून कपडे भरायला लागली. मग त्यांना पुढचा बहाणा सुचेना.

खरं कारण इथे सांगून टाकलेलं बरं, बाइंडर काही सांगणार नाहीत. चाळिशीच्या आतच त्यांच्या आतड्यांनी एक खोड धरली ती तीस वर्षं सुटली नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, पथ्यं झाली. लागली की लागली. मग हातात दोन मिनिटं असायची, फार तर तीन. घरी काही अडत नव्हतं. पुस्तकं दाबून ठेवायच्या यंत्रापासून संडासापर्यंत अकरा पावलं होती, आणि दुकान घरातच थाटलं त्याचं कारणही तेच. बाहेर पडलं की मात्र जीव मुठीत. अनोळखी माणसापुढे उभं राहून 'मला संडासला जायचंय, आत्ताच्या आत्ता' असं म्हणणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं.

ते काम बायकोने अंगावर घेतलं होतं. ती पुढे व्हायची, पोटावर हात धरायची आणि कापडवाल्याला, औषधवाल्याला, कुणाच्याही दारात उभ्या असलेल्या बाईला सांगायची, अहो, मला जरा जायचंय, अगदीच राहवत नाहीये. बाईमाणसाला सहसा कोणी नाही म्हणत नाही. मग ती म्हणायची, मला एकटीला चक्कर येते, यांना सोबत येऊ द्या. आत गेल्यावर बाइंडर दाराआड आणि ती दाराबाहेर, बादलीत नळ सोडून उभी, म्हणजे बाकी आवाज कोणाला जाऊ नयेत. परतताना आभारही तीच मानायची. पुढे पुढे तर बाजारातले लोक तिला बघूनच मागच्या दाराकडे बोट दाखवू लागले.

नातेवाइकांत तिचं नावच पडलं, थांबाताई. तिचा धाकटा भाऊ एकदा भर पंगतीत म्हणाला होता, आमची ताई घरातून निघाली की रस्त्यातल्या सगळ्या संडासांना आधी कळवावं लागतं. सगळे खो खो हसले. तीही हसली. बाइंडरही हसले होते, आणि त्या हसण्याची लाज त्यांना तिच्या मागे जास्त वाटायला लागली होती.

बसने गाव सोडलं. मुलीने बिस्किटांचा पुडा पुढे केला, त्यांनी नको म्हटलं. ती भौतिकशास्त्र शिकवते, कॉलेजात. तिला गप्प बसणं फारसं जमत नाही. घराबद्दल सांगत होती. त्यांच्यासाठी मागची खोली रिकामी केलीय, तिथे उजेड चांगला आहे, हवं तर टेबल टाकून बांधणीचं काम चालू ठेवता येईल. बाइंडर मान डोलवत होते आणि बाहेरचे मैलाचे दगड मोजत होते.

"आई असती तर एव्हाना दोनदा बस थांबवली असती," मुलगी मध्येच म्हणाली, आणि स्वतःच हसली. हसू फार टिकलं नाही.

मग ती बोलत राहिली, खिडकीबाहेर बघत. पंधरा वर्षांची असताना ती बुद्धिबळाच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. मोठा हॉल, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, दोरीच्या पलीकडे बघणाऱ्यांच्या खुर्च्या. डाव तिच्या बाजूने झुकला होता. ती घोडा उचलणार तोच मागे लोखंडी खुर्ची फरशीवर करकरली. तिने वर पाहिलं तर आई पोट धरून दाराकडे निघाली होती आणि बाबा तिच्या मागोमाग. तेवढ्यात तिचं बोट हत्तीला लागलं. हात लागला की तेच मोहरं हलवावं लागतं. पुढच्या सहा चालींत डाव गेला. त्यानंतर वर्षभरात तिने पट माळ्यावर टाकला तो कायमचाच. आईने त्या रात्री जेवण पुढ्यात ठेवून म्हटलं होतं, माझंच चुकलं गं बाळा.

"मी तिला माफ केलं नव्हतं, बाबा. म्हणजे भांडण नव्हतं काही. पण मनातून नव्हतं केलं. वाटायचं, करीन कधीतरी, घाई काय आहे."

बाइंडरांनी काही बोलायला तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच पोटात कळ आली.

ती खालून वर आली, थोडी थांबली आणि पुन्हा आली, आधीपेक्षा जोराने. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. थांब्याला अजून वीस मिनिटं होती. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला, डोळे मिटले, शंभरपासून उलटं मोजायला लागले. ब्याऐंशीपर्यंत आले आणि उठले. मुलगी काय झालं, काय झालं म्हणत राहिली. ते कंडक्टरपर्यंत कसेबसे गेले.

"बस थांबवा."

"काका, थांबा येतोच आहे. वीस मिनिटं कळ काढा."

"कळ निघणार नाही. मला संडासला लागलीय."

तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच स्वतः उच्चारलं, आणि अख्ख्या बसने ते ऐकलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. एका बाईने आपलं बोचकं पायाशी ओढून घेतलं. ड्रायव्हरने आरशातून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने ब्रेक दाबला. शंभरेक पावलांवर एक पेट्रोल पंप होता.

शंभर पावलं ही अकरा पावलं नव्हेत. पंपावरच्या पोरसवदा दिसणाऱ्या माणसाने किल्ली शोधायला वेळ लावला. आधी एक खण उघडला, मग दुसरा. बाइंडर त्याच्यासमोर उभे राहिले, पाय जुळवून, आणि किल्ली हातात येण्याआधीच त्यांना कळलं की आता घाई करण्यात अर्थ उरलेला नाही. तरी त्यांनी किल्ली घेतली, आभार मानले. आत नळ होता, देवाची कृपा. त्यांनी तो पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजात तोंडावर टॉवेल दाबून रडून घेतलं. बायको गेली त्या दिवशीही ते एवढे रडले नव्हते.

ते काळी पँट घालून बाहेर आले तेव्हा बस निघून गेलेली होती. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवून वाट पाहिली, मग मुलीने सामान उतरवून घेतलं आणि त्याला जा म्हणून सांगितलं. दुसरी बस तासाभराने होती. हवा भरायच्या यंत्राशेजारी एक सिमेंटचा बाक होता, त्यावर ती दोन्ही बॅगा घेऊन बसली होती. तिने बाबांकडे पाहिलं. सकाळी तिनेच इस्त्री करून दिलेली करडी पँट अंगावर नव्हती. हातातली पिशवी फुगली होती आणि तिच्या तळातून पाणी ठिबकत होतं. तिने सरकून जागा केली.

"काल बाहेरचं काही खाल्लंत का?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

वाट मोकळी होती. हो म्हटलं की झालं. बायको असती तर तिने डोळ्यांनीच खुणावलं असतं, हो म्हणा. बाइंडरांची मान हलायच्या बेतात होती.

"का आईचंच दुखणं लागलं तुम्हाला?" मुलगी म्हणाली. त्यांचं ओशाळलेपण हलकं करायला म्हणाली बिचारी.

"तिला काही दुखणं नव्हतं," बाइंडर म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे वळली.

"तिला रस्त्यात कधी लागायचीच नाही. घरून निघाली की घरी येईपर्यंत बघायला नको. लागायची ती मला. तू दुसरीत होतीस तेव्हापासून. मला सांगता यायचं नाही, म्हणून ती स्वतःचं नाव सांगायची."

पंपावर एक ट्रक येऊन उभा राहिला, तेल भरून निघून गेला. मुलगी त्याच्याकडे बघत होती, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आणि त्या हॉलमध्ये?"

"मीच. मी तिचा हात दाबला, म्हणून ती उठली."

तिने दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरले आणि वाकून बसली. ती आता आपल्यावर चिडेल, तोडून बोलेल, असं बाइंडरांना वाटलं. चिडली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं. बावीस वर्षं त्यांनी घरात दोन बायकांमधलं ते अंतर रोज पाहिलं होतं आणि एका वाक्यात मिटण्यासारखं असूनही मिटवलं नव्हतं. उद्या सांगू म्हणत गेले आणि बायको मरून गेली. याला भित्रेपणाच म्हणतात, दुसरा शब्द नाही.

पण मुलगी त्यांच्याबद्दल काहीच बोलली नाही.

"मी तिला कधी बोलावलं नाही, बाबा," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली घर घेऊन. एकदाही नाही. एवढा लांबचा रस्ता, ही दर अर्ध्या तासाला थांबवणार, माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे दारं ठोठावणार. एकदा तिने फोनवर विचारलं, तुझ्याकडे येणाऱ्या बस कुठे कुठे थांबतात गं? मी म्हटलं, कशाला, तुला झेपणार नाही. आणि विषय बदलला."

बाइंडर तिच्याकडे बघतच राहिले. सहा वर्षं, दर सुट्टीच्या सुमाराला, बायको फोन ठेवून दुकानात यायची आणि म्हणायची, लेकीचा होता, या या म्हणून मागे लागलीय, मीच म्हटलं पुढच्या खेपेला. त्यांना वाटायचं, आपल्या पोटापायी ही जात नाही. एकदा त्यांनी तिला तू एकटी जाऊन ये असंही सुचवलं होतं. ती खळ ढवळता ढवळता म्हणाली होती, मला नाही बाई घर सोडवत. ते त्यांना सोयीचं होतं, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही. आणि आता कळत होतं की तसा फोन कधी आलाच नव्हता. बाहेर ती नवऱ्याची लाज झाकत होती, आणि घरात नवऱ्यापासून लेकीची.  हे मोठमोठ्याने सांगून टाकावंसं त्यांना वाटलं, बघ, तुझ्यासाठीही ती काय करत होती बघ.

"ती बोलली का हो कधी तुमच्याकडे?" मुलीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी बोलवत नाही म्हणून? तिला यायचं होतं का?"

"छे," बाइंडर म्हणाले. एवढ्याने भागणार नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. "तिला कुठे घर सोडवायचं? मीच म्हणायचो, चल, लेकीकडे चार दिवस राहून येऊ. तर तीच नको म्हणायची. तू बोलावलं असतंस तरी आली नसती."

दुसऱ्या कोणासाठी खोटं बोलायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. बायकोच्या हातची सफाई काही त्यात आली नाही. शब्द एकावर एक पडले, आणि बोलताना त्यांना मुलीकडे बघवेना, म्हणून ते हवा भरायच्या यंत्राकडे बघून बोलले.

"खरंच?"

"खरंच."

मुलीने त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने त्यांच्या हातातली ओली पिशवी काढून घेतली आणि आपल्या पायाशी ठेवली. बस यायला अजून अर्धा तास होता. तेवढा वेळ तिने ते खरं मानलं.