समासातला माणूस

दादाला मुलीकडे न्यायचं ठरलं तेव्हा पुतणीनं मला फोनवरच सांगून टाकलं, "काका, खोलीत एक कपाट बसतं. त्यात मावतील तेवढीच पुस्तकं." दादाच्या घरात पुस्तकांमधून कुठेकुठे भिंत दिसायची. तिला रंग होता, हे मला त्या आठवड्यात कळलं.

दादानं जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, आणि आता त्याला सकाळचा नाश्ता आठवत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या वस्तू सोबत असू द्या, माणूस धरून राहतो. वहिनीनं ते मनावर घेतलं. दादाच्या ओळखीच्या वस्तू म्हणजे पुस्तकंच. माणसांशी त्याची तितकी ओळख कधी झालीच नव्हती.

मी लॅपटॉपवर यादी करायला बसलो. नाव, लेखक, विषय, आणि शेवटचा रकाना: वाचलं की नाही. तो दादाचा हट्ट. "वाचलेली कॉलेजला देऊन टाक. राहिलेली नेऊ. तिकडे वाचीन." वहिनीला नेमकं उलटं हवं होतं. वाचलेल्यांतच तर तो सापडणार.

पण वाचलेलं ओळखायचं कसं? दादाला एक खोड होती. वाचताना कुणी मधे कडमडलं की तो समासात पेन्सिलीनं त्याची नोंद करायचा. 'दूधवाला.' 'शेजारी, उगाच.' 'धाकटा. जेवूनच गेला.' हा मी. समासात लिहिलेलं असेल तर वाचलेलं, कोरा असेल तर राहिलेलं. विद्वत्तेचं इतकं स्वच्छ माप एखाद्या विद्यापीठालाही सापडलं नसेल.

"हा कोण रे?" दादानं एक जाडजूड पुस्तक नाकाशी धरलं. "दुसऱ्याच्या पुस्तकात लिहून ठेवतो."

"अहो, तुमचंच अक्षर आहे," वहिनी म्हणाली.

"काहीतरीच तुझं! माझं अक्षर चांगलं आहे."

तो मोठ्यानं वाचू लागला. "ही. मीठ संपलं. ही. नळ गळतोय. ही. काही नाही, नुसतीच."

वहिनी हसली. "मीच ती. यायचे कधीकधी नुसतीच."

"याच्या बायकोला नाव नाही का?" दादानं पान उलटलं. "हॉस्पिटलातून फोन. मुलगी झाली. प्रकरण संपवून निघतो."

त्यानं पुस्तक खाली ठेवलं. "म्हणजे हा प्रकरण संपवत बसला?"

मी रकान्यात 'वाचलं' असं टाइप केलं. दुसरं काय करणार?

"लहान प्रकरण होतं," वहिनी म्हणाली.

"लहान कसलं? चाळीस पानं आहेत!" दादा उसळला. "एवढं वाचून काय दिवे लावले यानं? असल्यालाच लोक बहुश्रुत म्हणतात. या माणसाची पुस्तकं माझ्या खोलीत नकोत."

मग रोज तेच. वहिनी खोक्याच्या तळाशी पेन्सिलवाली चार पुस्तकं दडवायची, आणि दादा ती हुडकून दाराबाहेर ठेवायचा. आधी तो चिडायचा. नंतर नंतर घाबरू लागला. "तो न्यायला येईल. येऊन इथेच बसेल वाचत." एकदा वहिनीनं हाताला धरून त्याला आरशासमोर उभं केलं. "बघा, कोण आहे तो." दादानं आरशातल्या गृहस्थाला अदबीनं नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्हालाही त्रास देतो का हो तो?"

त्यानंतर तिनं दडवणं सोडलं. "भावजी, कोरी भरा," एवढंच म्हणाली.

कॉलेजच्या ग्रंथपालांना फोन केला. "सर म्हणजे चालतंबोलतं ग्रंथालय!" त्यांनी दोन आठवणी सांगितल्या. त्या संपल्यावर म्हणाले, "पण लिहिलेली पुस्तकं घेता येत नाहीत हो आम्हाला." मी म्हटलं, मग मी नेतो. वहिनी म्हणाली, "तुमच्याकडे तरी कोण वाचणार आहे?" दादाचं सगळं आयुष्य रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढलं. टेम्पो जाईपर्यंत ती गॅलरीत उभी होती.

राहिली ती समारंभांत मिळालेली, विद्यार्थ्यांनी सप्रेम भेट दिलेली, पानं एकमेकांना चिकटलेली पुस्तकं. तिकडच्या कपाटापुरती ती नेमकी भरली. निघायच्या सकाळी ती खोक्यांत रचताना दादा प्रत्येक नाव बोट फिरवून वाचत होता.

"काय निवड आहे! ज्यानं जमवली तो माणूस खरा व्यासंगी."

वहिनीनं त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं, धूळ पुसली आणि विषयाप्रमाणे जागच्या जागी लावलं. दादा कौतुकानं बघत राहिला.

"बाई, तुम्हाला बरंच कळतं की पुस्तकांतलं," तो म्हणाला. "वाचन दांडगं दिसतं तुमचं."

"छे हो," वहिनी म्हणाली. "घरातून वेळच मिळाला नाही."

"अरेरे," दादा म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं. खोक्यातलं एक कोरं पुस्तक काढून त्यानं तिच्या हातात दिलं आणि बसायला स्वतःची खुर्ची पुढे केली. ती बसली. खाली गाडी हॉर्न वाजवत होती.